कॅलेंडरच्या चौकोनात मावेल तेवढंच

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक पेन्सिल लोंबत असते. गेली ३४ वर्षं मी आमचं घर ह्या दोघांच्या भरवशावर चालवते आहे.

लेक बंगळुरूला असते. परवा नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला तिचा फोन आला आणि बोलता बोलता म्हणाली, "आई, तू ते कॅलेंडरवर कसं लिहितेस ते मला एकदा नीट सांग गं. मी तीन ॲप घेतली, तिन्ही सोडली." सांगायला लागले, पण अर्ध्या तासात आम्ही तिच्या घरमालकिणीच्या कुत्र्यावर पोचलो होतो. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. तिच्यासाठी लिहिते आहे, आणखी कोणाला उपयोग झाला तर होऊ दे.

आधी हे सांगते की कॅलेंडरवर लिहिणं ही काही माझी अक्कल नव्हे. मुंबईतल्या आमच्यासारख्या घरांत दुधाचा हिशेब, इस्त्रीचे कपडे, बाईचे खाडे, सगळं तिथेच लिहिलं जायचं. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि त्यानंतर आमच्या लालबागच्या खोलीतलं एकही कॅलेंडर कोरं राहिलेलं मला आठवत नाही. मी फक्त चौकोनाची वाटणी केली. तारखेच्या आकड्याने आणि तिथी-नक्षत्राने निम्मी जागा आधीच खाल्लेली असते. उरलेल्या जागेत डावीकडे वर घर, उजवीकडे वर कपडे, डावीकडे खाली तब्येत आणि उजवीकडे खाली वाचन. झालं. बाकी सगळे ह्याचे बारकावे.

डायरी का नाही, असं लेकीने विचारलंच. दर जानेवारीत ऑफिसात डायऱ्यांचा ढीग यायचा. मी विमा कंपनीत होते, क्लेमच्या टेबलावर ३७ वर्षं काढली आणि गेल्या मे महिन्यात रिटायर झाले, त्यामुळे डायऱ्यांना तोटा नव्हता. त्यातल्या दहाएक अजून माळ्यावर आहेत आणि एकीतही ११ जानेवारीच्या पुढे काही नाही. डायरीचं पान कोरं राहिलं की अपराधी वाटतं, आणि भरायला बसलं की आपण उगाच मोठमोठं लिहायला लागतो. चौकोनात मोठमोठं मावत नाही. जे मावत नाही ते लिहायचं नाही. बाण काढून समासात जायचं नाही, मागच्या पानावर जायचं नाही. एकदा बाण काढायची सवय लागली की फेब्रुवारीपर्यंत कॅलेंडर म्हणजे रस्ते खणून ठेवलेली मुंबई दिसायला लागते.

पेन्सिल साधी एचबी घ्या. जेल पेन घेतलंत तर जुलैतल्या दमट हवेत अक्षरं फुटतात आणि ५ ची ६ होते. टू-बी पेन्सिल बोटाला लागते. आणि ती दोऱ्याने बांधाच. बांधली नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी शब्दकोड्याला नेईल, चौथ्या दिवशी तुम्ही "नंतर लिहू" म्हणाल, आणि पाचव्या दिवशी आपण परवा काय खाल्लं ते आठवणार नाही. टांगायचं कुठे? सगळ्यांना दिसेल तिथे, पण फोडणीपासून चार हात लांब. १९९६ साली मी ते गॅसच्या बाजूला लावलं होतं. दिवाळीपर्यंत पानं तेलाने इतकी पारदर्शक झाली की ऑक्टोबरमधून डिसेंबर दिसायचा.

आता घराचा कोपरा. इथे घडलेलं लिहायचं. "मावशी, ठाणे. कोथिंबीर वडी." "ह्यांचा दात काढला." "सिलिंडर." ह्या सिलिंडरचंच बघा. नवीन लावला त्या तारखेला फक्त "सि" लिहायचं. सहा महिन्यांत कळतं की आपला सिलिंडर ३८ ते ४१ दिवस जातो, गणपतीच्या महिन्यात ३३. मग एरवी पस्तिसाव्या दिवशी बुकिंग करायचं, गणपतीच्या महिन्यात त्याच्याही आधी. उकडीचे मोदक अर्धे वाफवून झालेत आणि ज्योत निळ्याची पिवळी होऊन गेली, असं आमच्याकडे एकदाच झालं, १९९३ साली. परत नाही.

पण कोणत्याही खात्यात न बसणाऱ्या गोष्टीही ह्याच कोपऱ्यात टाका. पार्ल्याला राहणाऱ्यांना बिस्किटांच्या कारखान्याचा वास माहीत आहे. स्टेशनवर उतरलं की पहिल्यांदा तो वास, मग रिक्षावाल्यांची हाक. २०१६ च्या पावसाळ्यात तो कारखाना बंद झाला. माझ्या त्या महिन्यातल्या एका चौकोनात "आज वास नाही" असं आहे. का लिहिलं ते त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. पेपरात बातमी नंतर वाचली.

एक सावधगिरी. कॅलेंडर भिंतीवर असतं आणि ते घरातले सगळे वाचतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, नवी नवरी, अकलेचा कांदा, मी एका चौकोनात "सा. बा. रागावल्या" असं लिहून ऑफिसला निघून गेले. सासूबाई रोज आंघोळ झाली की तिथी बघायला कॅलेंडरपुढे उभ्या राहायच्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी घरी आले तर त्याखाली त्यांच्या गोल, लहानशा अक्षरात लिहिलेलं होतं: "कारण लिहिलं नाहीस." मी लाजेने अर्धी झाले. त्या मात्र पोह्यांवर खोबरं घालत गालातल्या गालात हसत होत्या. त्या दिवसापासून राग, रुसवे, अबोले भिंतीवरून बंद, आणि त्या दिवसापासून कॅलेंडर आम्हा दोघींचं झालं. त्या सातवी शिकलेल्या होत्या. मुलांच्या परीक्षा, कोणाकडे किती आहेर दिला, लोणचं कधी घातलं, हे सगळं त्यांनी लिहायला घेतलं.

शेवटची चार वर्षं त्यांची आठवण विरत गेली. घरात असं माणूस असेल तर हा भाग नीट वाचा, कारण हे कोणी शिकवत नाही. दुपारी दोनला त्या म्हणायच्या, "मला कोणी जेवायला दिलं नाही." सुरुवातीला मी वाद घालायचे. आत्ताच जेवलात की, ताट अजून मोरीत आहे, दाखवू का? त्यातून फक्त रडारड व्हायची, आधी त्यांची, मग माझी. मग एक दिवस मी त्यांचा हात धरून त्यांना कॅलेंडरपुढे नेलं. "१२.३० जेवण. मुगाची खिचडी." त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि जाऊन पडल्या. माझ्यावर विश्वास नव्हता, भिंतीवरच्या अक्षरावर होता. त्यानंतर मी त्यांच्यासाठी चौकोनाचे नियम मोडले. मोठ्या चौकोनांचं दुसरं कॅलेंडर आणलं आणि ठळक अक्षरात लिहायला लागले. झालेलंच लिहायचं, व्हायचंय ते नाही, कारण "४ वाजता डॉक्टर" असं सकाळी वाचलं की त्या तेव्हापासूनच चपला घालून बसायच्या. वेळ घालायची. आणि बरोबरची खूण त्यांची त्यांनाच करू द्यायची. हात थरथरायचा, खूण दोन चौकोनांत पसरायची, चालेल. आपण केलेली खूण त्यांना आपली वाटायची. हे कॅलेंडर मी कोणाला देत नाही, दाखवतही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये एका शुक्रवारपर्यंत खुणा आहेत.

कपड्यांच्या कोपऱ्याला घरात सगळे हसतात, हसू दे. १९९४ साली लेडीज डब्यात एका मैत्रिणीने सहज म्हटलं, "ही सोमवारी नेसली होतीस ना?" आणि मला ते लागलं. तेव्हापासून आज काय नेसलं ते लिहिते. त्यासाठी प्रत्येक साडीला नाव हवं, आणि ते छोटं हवं. माझ्याकडे "कैरी" होती, "राखाडी मंगळगिरी" आहे, "टेलिफोन" आहे (दोन महिने एसटीडी फोन न केल्याच्या पैशांतून घेतलेली), आणि "अबोली इरकल" होती.

आता ह्यातून काय कळतं ते सांगते. दर डिसेंबरमध्ये एका दुपारी कॅलेंडर खाली काढून मोजायचं. २०१९ साली माझ्या कपाटात ५८ साड्या होत्या आणि वर्षभरात अंगाला लागल्या १७. लग्नातली पैठणी ३४ वर्षांत सहा वेळा. कैरी, हातमागाच्या एका प्रदर्शनात घेतलेली साधी सुती साडी, ११२ वेळा, मग तिची गोधडी झाली. आपली आवड काय, हे दुकानात कळत नाही. दुकानात मला मोरपंखी रंग आवडतो, मोठे काठ आवडतात, जरीचं काम आवडतं. मोजणी सांगते की मी नेसते त्या साड्या गडद अंगाच्या आणि बोटभर काठांच्या, सुती, आणि पार्ल्याला सव्वाआठच्या गर्दीत दांडा पकडून चढता येईल अशाच. हे कळल्यावर साड्यांचा खर्च एकदम निम्म्यावर आला. आणि एक शहाणपण आलं: कोणी "तुझी स्टाईल काय?" विचारलं तर उत्तर कपाटात शोधू नये, धुण्याच्या बादलीत शोधावं.

रिटायर झाल्यावर तीन महिने ह्या कोपऱ्यात सलग "कु" आहे, म्हणजे कुर्ता. ऑगस्टमध्ये ते पान बघून मलाच कसंतरी झालं. माणूस आजारी असल्यासारखं दिसत होतं ते पान. आता मंगळवार-शुक्रवार वाचनालयात जाते तेव्हा साडी नेसते. परकराला आतून खिसा शिवून घेतलेला आहे, त्यात पैसे आणि किल्ली. पर्स नाही. हा खिसा ज्या बाईने पहिल्यांदा शिवला तिचा पुतळा व्हायला हवा.

साड्यांचं पावसाळ्याचं काम मे महिन्यातच करा आणि तारखेला "घड्या" असं लिहा. प्रत्येक साडी उघडायची, सावलीत एक दिवस वारा लागू द्यायचा आणि पुन्हा घडी घालताना जुन्या मोडीवर घालायची नाही. साडी जरीची असेल तर जर मोडीवरच तुटते. जरीच्या साड्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत, जर काळी पडते. सुती साडी ठेवणीत टाकायची तर आधी खळ धुऊन काढा. खळीच्या साडीला कसर लवकर लागते, किड्याला तेच तर खायचं असतं. खळ नेसायच्या आठवड्यात घाला: चमचाभर साबुदाणा तीन पेले पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, बादलीत पातळ करायचा, साडी बुडवून सावलीत वाळत घालायची. बाजारातल्या स्प्रेपेक्षा ह्या साडीचा पदर जास्त ऐकतो.

ह्यांच्या शर्टांचं लिहीत नाही. तीन आहेत. तिन्ही निळे.

आता तब्येत. इथे मी जरा अधिकाराने बोलते. डॉक्टर नाही मी, पण ३७ वर्षं लोकांच्या आजारपणाचे कागद वाचले. क्लेममध्ये सगळ्यात मोठी भानगड कुठली असते, तर तारखेची. ताप कधी आला? दुखायला कधी लागलं? "असेल चार-पाच दिवस." माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच आठवत नसतं. आजारपणात दिवस एकमेकांत मिसळतात. तर ह्या कोपऱ्यात आकडा लिहा किंवा जागा लिहा. "बरं वाटत नाही" लिहू नका, त्याचं डॉक्टर काय करणार? "गुडघा डावा, जिना उतरताना" असं लिहा.

मुंबईच्या पावसाळ्यात ह्याचा फार उपयोग होतो. ताप आला त्या दिवशी चौकोनात "ता १", दुसऱ्या दिवशी "ता २". डेंग्यूमध्ये हा आकडा सोन्यासारखा असतो. एनएस१ ही रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची, त्यानंतर शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी बघाव्या लागतात. शिवाय ताप उतरला म्हणून घरातले निश्चिंत होतात आणि डेंग्यूत जपायचे दिवस नेमके तेच असतात, ताप उतरतानाचे. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल होणं, ह्यातलं काही दिसलं तर चौकोन भरत बसू नका, दवाखाना गाठा.

दुसरी खूण आहे "पा". साचलेल्या पाण्यातून चालत आलं की लिहायची. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा ताप, त्या पाण्यातून येतो, उंदीर-घुशींच्या लघवीतून, आणि पायाला जखम किंवा चीर असेल तर जास्त धोका. अशा पाण्यातून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ७२ तास मोजायचे तर कधीपासून ते लिहिलेलं हवं. आणि त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं, मी अमुक तारखेला पाण्यातून आले होते.

ही खूण मी २००५ नंतर सुरू केली. २६ जुलैचा चौकोन माझ्याकडे कोरा आहे. मी फोर्टात होते आणि तिथे दुपारपर्यंत काही वाटतच नव्हतं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. एकाच शहरात! आम्ही चहा पीत बसलो होतो आणि पार्ल्यात तळमजल्याच्या लोकांच्या गाद्या तरंगत होत्या. गाडी कशीबशी दादरपर्यंत आली. रात्र वन्संकडे काढली आणि सकाळी आठला चालायला लागले. माहीम, वांद्रे, खार, कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे मांडीएवढं. २७ च्या चौकोनात लिहिलं आहे: "घरी ११.४०. सगळे बरे. दूध नाही." आणि उजव्या कोपऱ्यात: "अबोली इरकल गेली." त्या वर्षी त्या पाण्यानंतर लेप्टोने माणसं गेली. आम्ही वाचलो ते नशिबाने. गोळीबिळी कोणाला माहीत होती?

ह्यांचं बीपी हा स्वतंत्र अध्याय आहे. मशीन आणल्यावर पहिले सहा महिने आमच्याकडे जे आकडे लिहिले गेले ते सगळे फुकट. तीन जिने चढून आले की माप, चहा पिता पिता माप, बातम्या बघून तापले की मुद्दाम माप, "बघ, किती वाढलंय!" शेवटी डॉक्टरांनी त्यांना लहान मुलासारखं बसवून शिकवलं. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प. (ही पाच मिनिटं सगळ्यात अवघड.) पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीला, हात टेबलावर टेकलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. मोजताना बोलायचं नाही, दुसऱ्यानेही बोलायचं नाही. डॉक्टरकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहायचं, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याच्यावर राहत असेल तर बोलायची वेळ झाली. आमच्याकडे गंमत अशी निघाली की दवाखान्यात १५२ आणि घरी १२६. पांढरा कोट बघून वाढणारं बीपी. गोळी वाढवायची होती ती थांबली, कारण भिंतीवरचे आकडे होते.

मिठाचं त्यांना अजून पटत नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे लहान चमच्याला जरा कमी, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. पापड खाल्ला की चौकोनात गोल काढायचा असं ठरलं. पहिल्या आठवड्यात पाच गोल झाले. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही आणि पापडाचा डबा मात्र रिकामा.

मला साखरेची भीती, आईला मधुमेह होता. एचबीए१सी ही टेस्ट साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात आणि साखर त्यांना चिकटून राहते. आदल्या रात्री उपाशी राहून ह्या टेस्टला फसवता येत नाही. मी गेल्या नोव्हेंबरअखेर केली आणि रिपोर्ट आल्यावर कॅलेंडरची मागची तीन पानं उलटली. ऑगस्टच्या शेवटी गणपती, ऑक्टोबरमध्ये दिवाळी, मधे नवरात्र. मोदक, साटोरी, करंजी, चिरोटे, सगळे आपापल्या तारखेला हजर. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच मी गुन्हा कबूल केला.

वजन मी लिहीत नाही. त्यावर चर्चा नको.

राहिला वाचनाचा कोपरा. ह्यात फक्त पान नंबर. "४६." दुसऱ्या दिवशी "७१." पुस्तकाचं नाव सुरू केलं त्या दिवशी एकदाच, तेही दोन-तीन अक्षरांत. सोडलं तर "सो". लाज वाटून घ्यायची नाही. पन्नास पानांत जीव रमला नाही तर पुस्तक परत. गेल्या वर्षी पूर्ण झालेली २३, सोडलेली ९. पान नंबरांचा फायदा असा की आपण कधी वाचतो ते कळतं. मी समजत होते मी रात्री वाचते. आकडे म्हणतात की रात्री दोन-तीन पानं, डोळे मिटतात. खरी उडी मंगळवार-शुक्रवारी, टिळक मंदिरात, म्हणजे आमच्या पार्ल्याच्या वाचनालयात, पंख्याखाली बसते तेव्हा, आणि पूर्वी गाडीत, बसायला मिळालं तर. म्हणून आता रात्री कविता किंवा दिवाळी अंकातला छोटा लेख, आणि जाड पुस्तक दुपारी. दिवाळी अंकांसाठी वाचनालयाची योजना घ्या, एकदा पैसे भरले की संक्रांत उलटून गेली तरी पुरतात. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासून ही चैन चालू आहे आणि जगात दुसऱ्या कोणाला ती ठाऊक नाही, असं मला आपलं वाटतं.

सध्या गिरणी संपावरचं एक पुस्तक वाचते आहे. १८ जानेवारी १९८२, संपाचे पुढारी दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. माझे वडील त्यांतले एक. तेव्हा मी अकरावीत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवसांतलं फार थोडं आठवतं. वडील घरी असायचे हे आठवतं. दुपारी झोपायचे नाहीत, गॅलरीत उभे राहायचे.

गेल्या दिवाळीत भाऊ लालबागची खोली रिकामी करत होता, इमारत पाडणार म्हणून. माळ्यावर माझं बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक निघालं. आई पुस्तकांना जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायची, छापील बाजू आत. कव्हर सुटलं होतं, मी उलटून बघितलं. मार्च १९८२. चौकोनांत आईचे आकडे, आरेच्या दुधाच्या बाटल्यांचे. १ तारखेपासून २, २, २. दहापासून १. बावीस तारखेपासून आडवी रेघ. आणि १५ च्या चौकोनात एकच शब्द: "हंडा."

मला काही कळेना. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो ते पान हातात घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, "तांब्याचा होता तो. मीच नेऊन दिला होता भांडीवाल्याकडे."

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहायचं नसतं, नाहीतर पान ११८ वर मी ते लिहिणार होते.

वर्ष संपलं की कॅलेंडर कसं ठेवायचं ते राहिलंच. वरची पत्र्याची पट्टी कापून टाका, दमट हवेत ती गंजते आणि गंज खालच्या पानावर उतरतो. गुंडाळी करू नका, दहा वर्षांनी उलगडताना पानं चिरतात. सपाट ठेवायचं, कापडात, कडुनिंबाचा वाळका पाला घालून. आमची इमारत पुनर्विकासात गेली तेव्हा भाड्याच्या घरी नेताना मी ह्या गठ्ठ्यावर "काच, सांभाळून" असं लिहिलं होतं. टेम्पोवाल्यांनी तो इतका जपून उचलला की मला वाईट वाटलं.

आणि लेकीसाठी: तिकडे मराठी कालनिर्णय मिळालं नाही तर सांग. पुढच्या आठवड्यात वन्संचा मुलगा येणार आहे बंगळुरूला, त्याच्याबरोबर पाठवते. पेन्सिल बांधूनच.